‘मशीन बंद आहे’ : एमआरआय सुरक्षा प्रशिक्षणाची एक चिकित्सा

१. प्रस्तावना

वैद्यकीय उपकरणांच्या अभ्यासक्रमात एमआरआयवर सहसा एक स्वतंत्र प्रकरण असते. लार्मर वारंवारता, ग्रेडियंट कॉइल, आरएफ कॉइल, प्रतिमेची पुनर्रचना आणि अगदी शेवटी अर्ध्या पानात ‘सुरक्षा’. त्या अर्ध्या पानावर परीक्षेत क्वचितच प्रश्न येतो, त्यामुळे शिक्षक ते वाचून दाखवतात आणि विद्यार्थी खुणेची घडी घालून पुढे जातात. मीही अनेक वर्षे हे प्रकरण असेच शिकवले. माझ्या हाताखालून गेलेले काही विद्यार्थी आज रुग्णालयांत बायोमेडिकल इंजिनीअर आहेत, काही यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांत सर्व्हिस इंजिनीअर आहेत. १.५ टेस्लाला प्रोटॉनची वारंवारता सुमारे ६३.९ मेगाहर्ट्झ येते हे त्यांना मी नीट शिकवले. खोलीच्या दाराशी कोण उभे असते, हे शिकवले नाही.

या पाठात आपण यंत्राची चिकित्सा करणार नाही. यंत्राभोवती काम करणाऱ्यांना जे सुरक्षा प्रशिक्षण दिले जाते, त्याची चिकित्सा करणार आहोत. माझे म्हणणे सुरुवातीलाच दोन वाक्यांत मांडतो, म्हणजे पुढे वाचताना तुम्हाला ते तपासून पाहता येईल. एक : आपल्याकडे हे प्रशिक्षण यंत्र चालवणाऱ्याला मिळते, सिलिंडर ढकलणाऱ्याला मिळत नाही. दोन : ज्याला मिळते त्यालाही नियम सांगितला जातो, नियमामागचे कारण सांगितले जात नाही, आणि कारण माहीत नसलेला नियम घाईच्या वेळी पहिल्यांदा मोडतो.

२. मुंबईतील घटना

२७ जानेवारी २०१८. मुंबई महानगरपालिकेचे नायर रुग्णालय. नात्यातल्या एका रुग्ण महिलेला एमआरआयसाठी नेले जात होते. तिच्याबरोबर ३२ वर्षांचा एक तरुण होता. तो रुग्णालयाचा कर्मचारी नव्हता, रुग्णाचा नातेवाईक होता. रुग्णाला ऑक्सिजन लागत होता आणि सिलिंडर या तरुणाच्या हातात होता. सिलिंडरसह तो यंत्राच्या खोलीत शिरला. चुंबकाने सिलिंडर खेचला, सिलिंडरबरोबर तोही खेचला गेला. सिलिंडरमधून जोराने सुटलेला ऑक्सिजन त्याच्या शरीरात गेला आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. पोलिसांनी निष्काळजीपणामुळे मृत्यू ओढवल्याचा, म्हणजे तेव्हाच्या भारतीय दंडविधानाच्या कलम ३०४ अ अन्वये गुन्हा नोंदवला. एक डॉक्टर, एक वॉर्डबॉय आणि एक महिला परिचर यांच्यावर कारवाई झाली.

कुटुंबीयांनी त्या वेळी जे सांगितले त्यातले एक वाक्य आपल्या विषयाच्या मुळाशी जाते. सिलिंडर आत न्यायला आम्ही कचरलो, तेव्हा वॉर्डबॉयने सांगितले की मशीन बंद आहे, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयात काय सिद्ध होते हा वेगळा प्रश्न. त्याचा निवाडा आपण येथे करायचा नाही. परंतु हे वाक्य कोणत्याही रुग्णालयात, कोणत्याही रात्री, अगदी प्रामाणिकपणे बोलले जाऊ शकते. पंखा बंद असतो, एक्स-रे बंद असतो, लिफ्ट बंद असते. तसे एमआरआयही बंद असेल, असे समजण्यात कोणाचा मूर्खपणा नाही. आयुष्यभराचा अनुभव माणसाला तेच शिकवतो. प्रशिक्षणाचे काम हा अनुभव खोडून काढण्याचे आहे.

याआधी नोव्हेंबर २०१४ मध्ये नवी मुंबईत खारघरच्या कर्करोग संशोधन केंद्रात, म्हणजे टाटा मेमोरियल केंद्राच्या ‘ॲक्ट्रेक’ संस्थेत, असाच सिलिंडर आत नेला गेला होता. एक वॉर्डबॉय आणि एक तंत्रज्ञ सिलिंडर आणि यंत्र यांच्यामध्ये अडकले आणि सुमारे चार तास अडकून राहिले. आणीबाणीत चुंबकीय क्षेत्र घालवण्यासाठी असलेले बटण त्या वेळी उपयोगी पडले नाही, असे वृत्तपत्रांतून आले. दोघेही वाचले. दोन्ही घटनांत वस्तू एकच आहे : लोखंडी ऑक्सिजन सिलिंडर. मधली सव्वातीन वर्षे एकाच शहराच्या परिसरातली आहेत. पहिल्या घटनेतून जे शिकायचे होते ते रुग्णालयांच्या दारापर्यंत पोहोचले नाही, एवढे तरी यावरून म्हणता येते.

३. ‘बंद’ या शब्दाचा अर्थ

आता कारणाकडे वळू. रुग्णालयांतील बहुतेक एमआरआय यंत्रांत अतिवाहक चुंबक असतो. नायोबियम-टायटॅनियमच्या तारेची वेटोळी सुमारे उणे २६९ अंश सेल्सिअसला, द्रवरूप हेलियमच्या साहाय्याने थंड ठेवलेली असतात. या तापमानाला तारेचा विद्युतरोध शून्य होतो. यंत्र बसवताना वेटोळ्यांत एकदा प्रवाह सोडतात, मंडल बंद करतात आणि बाहेरचा वीजपुरवठा काढून घेतात. त्यानंतर तो प्रवाह वर्षानुवर्षे आपोआप फिरत राहतो. बाहेरून वीज लागते ती थंडी टिकवण्यासाठी, प्रतिमा घेण्यासाठी आणि संगणकासाठी. चुंबकत्व टिकवण्यासाठी नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा. स्कॅन चालू नसला, पडदा काळा असला, दिवे मालवलेले असले, रविवार असला, इमारतीची वीज गेली असली, तरी चुंबक पूर्ण ताकदीने चालूच असतो. १.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट.

दुसरी गोष्ट ओढीची. पुष्कळांना वाटते की धोका जवळ आला की हाताला ओढ जाणवेल आणि आपण थांबू. आधुनिक चुंबकांत बाहेर पसरणारे क्षेत्र आवरून धरलेले असते, म्हणून ते दाराशी अगदी कमी असते आणि यंत्राच्या तोंडाशी एकदम चढते. संपृक्त लोखंडावरचे बल क्षेत्रावर नव्हे, तर क्षेत्र किती झपाट्याने बदलते यावर अवलंबून असते. एक ढोबळ गणित करू. लोखंड संपृक्त झाले असे धरा. त्याचे चुंबकन मीटरमागे सुमारे १७ लाख अँपिअर. यंत्राच्या मुखाशी क्षेत्राचा उतार मीटरला ३ टेस्ला घ्या. दोन्हींचा गुणाकार दर घनमीटरला सुमारे ५१ लाख न्यूटन येतो. त्याच घनमीटर लोखंडाचे वजन सुमारे ७७ हजार न्यूटन. म्हणजे ओढ वजनाच्या ६५ पटींच्या घरात. सिलिंडर लांब असल्याने त्याचा प्रत्येक भाग एवढ्या उतारात नसतो, म्हणून प्रत्यक्ष आकडा कमी येईल. तरीही दहा किलोच्या सिलिंडरला शेकडो किलोंची ओढ बसेल, हे तुम्ही वहीवर ताडून पाहू शकता. दोन पावले अलीकडे जवळपास काही जाणवत नाही. दोन पावले पुढे दोन माणसांनाही आवरत नाही. सावध होण्याची सवड मधे मिळत नाही.

तिसरी गोष्ट बटणांची. यंत्राच्या आसपास आणीबाणीची एकाहून अधिक बटणे असतात आणि त्यांची कामे निरनिराळी असतात. एक वीजपुरवठा तोडते. आग लागली किंवा विजेचा धक्का बसला तर ते दाबायचे. त्याने चुंबकत्व जात नाही. दुसरे क्वेंचचे. ते दाबल्यावर वेटोळे तापते, अतिवाहकता नाहीशी होते, हेलियम उकळून नळीवाटे छपराबाहेर जातो आणि क्षेत्र साधारण मिनिटा-दोन मिनिटांत उतरते. एक लिटर द्रव हेलियमपासून सातशे लिटरांच्या वर वायू होतो. नळी तुंबलेली असेल तर तो खोलीत पसरतो, ऑक्सिजन हटवतो, आणि आत उघडणारे दार दाबामुळे उघडेनासे होते. पुन्हा हेलियम भरून चुंबक उभा करायला दिवस जातात आणि लाखो रुपये लागतात. म्हणूनच क्वेंच कोणी दाबायचे, कधी दाबायचे याबद्दल कर्मचाऱ्यांच्या मनात भीती असते. माणूस अडकला असेल तर ते दाबायचेच. रुग्णाचे हृदय थांबले असेल तर मात्र क्वेंचची वाट पाहायची नाही. छातीवर दाब देत रुग्णाला खोलीबाहेर आणायचे आणि उपचार बाहेर करायचे. डिफिब्रिलेटर घेऊन आत धावायचे नाही.

४. जागतिक आराखडा काय सांगतो

जुलै २००१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील व्हॅलहाला येथे, स्कॅन चालू असलेल्या सहा वर्षांच्या मुलाला ऑक्सिजन कमी पडला. घाईत लोखंडी सिलिंडर आत आणला गेला, तो चुंबकाकडे उडाला आणि मुलाच्या डोक्याला लागला. मूल दगावले. पुढच्या वर्षी, २००२ मध्ये, अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने एमआर सुरक्षेविषयीची श्वेतपत्रिका काढली. तिच्या सुधारित आवृत्त्या पुढे येत राहिल्या. आज जगभरच्या प्रशिक्षणाचा साचा बहुतांशी तिथून आलेला आहे.

त्यात जागेचे चार विभाग आहेत. पहिला सर्वांना खुला. दुसरा स्वागतकक्ष आणि तपासणीचा, जिथे रुग्णाची चौकशी होते. तिसरा नियंत्रित, जिथे कुलूप असते आणि तंत्रज्ञाचा कक्ष असतो. चौथा म्हणजे प्रत्यक्ष चुंबकाची खोली. माणसांचे दोन स्तर आहेत. पहिल्या स्तराच्या माणसाला स्वतःची सुरक्षा कळते. दुसऱ्या स्तराच्या माणसाला भाजणे, मज्जातंतूंवरील परिणाम, शरीरातील रोपणे इत्यादींचे सखोल प्रशिक्षण असते. बाकीचे सगळे ‘एमआर-बाह्य’. त्यांनी प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीशिवाय तिसऱ्या विभागात यायचे नाही. प्रशिक्षण दरवर्षी पुन्हा घ्यायचे. वस्तूंवर तीन शिक्के आहेत : सुरक्षित, अटींसह सुरक्षित, असुरक्षित.

हा आराखडा भक्कम आहे आणि माझी चिकित्सा त्याच्या विरोधात नाही. ‘अटींसह सुरक्षित’ हा शिक्का तर विचार करायला शिकवणारा आहे, कारण तो अट वाचायला भाग पाडतो. प्रश्न असा आहे की हा आराखडा ज्या रुग्णालयाची कल्पना करतो, ते आपले रुग्णालय आहे का?

५. चिकित्सा

पहिला मुद्दा : नातेवाईक कोण?

आराखड्यात नातेवाईक हा पाहुणा आहे. तो बाहेर बसतो, कोणीतरी त्याला सोबत करते. आपल्या सार्वजनिक रुग्णालयात नातेवाईक हा बिनपगारी कर्मचारी असतो. रिपोर्ट आणणे, रक्ताची बाटली पोहोचवणे, स्ट्रेचरचे एक टोक धरणे, सलाइनची बाटली उंच धरून चालणे ही कामे तो करतो, कारण एका मामाला आणि एका मावशीला अख्खा वॉर्ड सांभाळायचा असतो. ज्या क्षणी त्याच्या हातात सिलिंडर दिला जातो, त्या क्षणी तो कामावर रुजू होतो. फक्त हजेरीपटावर त्याचे नाव नसते. नायरच्या घटनेतला मृत तरुण कोणत्या स्तरात मोडतो, हे आराखड्याला विचारून पाहा. ‘बाह्य’ एवढेच उत्तर मिळते. तो बाह्य असूनही आत होता, आणि कामासाठीच आत होता. आपल्याकडच्या प्रशिक्षण-साहित्यात या माणसासाठी एक पानही नसेल, तर ते साहित्य आपल्यासाठी अपुरे आहे.

दुसरा मुद्दा : श्रोते कोण?

मी बंगळुरूला इंदिरानगरमध्ये राहतो. सीएमएच रस्त्यावरून शंभर फुटी रस्त्याकडे चालत गेलात, तर स्कॅन सेंटरच्या पाट्या जागोजागी दिसतात. याच शहरात एमआरआय यंत्रांचे आराखडे होतात, सुटे भाग बनतात, सॉफ्टवेअर लिहिले जाते. बंगळुरूच्याच व्हॉक्सेलग्रिड्स या कंपनीने विकसित केलेला देशी बनावटीचा १.५ टेस्लाचा स्कॅनर ऑगस्ट २०२३ मध्ये सादर झाला. ज्ञानाची वाण या गावात नाही.

काही वर्षांपूर्वी इथल्याच एका रुग्णालयाने मला सुरक्षा प्रशिक्षणात तासभर बोलायला बोलावले. रुग्णालयाचे नाव येथे महत्त्वाचे नाही, कारण चित्र सर्वत्र सारखेच आहे. सभागृहात तंत्रज्ञ, सिस्टर्स आणि काही निवासी डॉक्टर होते. इंग्रजीत स्लाइड, शेवटी दहा प्रश्नांची चाचणी, नोंदवहीत सह्या, चहा. सफाईचे, सुरक्षेचे आणि रुग्ण ने-आण करणारे कर्मचारी कुठे आहेत, असे मी विचारले. ते कंत्राटी आहेत, त्यांचे ट्रेनिंग एजन्सी करते, असे उत्तर आले. मी पुढे विचारले नाही. पुष्पगुच्छ घेतला.

बाहेर पडताना बोळात एक जण जमीन पुसण्याचे यंत्र चालवत होता. ओडिशाकडचा असावा. माझ्या हातातला पुष्पगुच्छ पाहून त्याने कुतूहलाने विचारले, कसला कार्यक्रम होता? मी सांगितले. तो म्हणाला, “रात को तो मशीन बंद रहता है ना, साहब?”

दाराआडून कूलिंगचा ठराविक ठेक्यातला आवाज ऐकू येत होता. मी त्याला तो ऐकवला आणि सांगितले की आतली थंडी टिकवण्यासाठी हा पंप रात्रंदिवस चालतो, आणि चुंबकही रात्रंदिवस चालू असतो. त्याने क्षणभर विचार केला आणि विचारले, “और लाइट चली गई तो?”

हा प्रश्न तासाभरात सभागृहात कोणीही विचारला नव्हता. माझ्या उत्तरातली खोट त्याने नेमकी पकडली होती. आवाजाची खूण मीच त्याला दिली. आता आवाज थांबला की चुंबक बंद झाला, असे तो समजला असता. मग मी नीट सांगितले : वीज गेली, आवाज थांबला, तरी चुंबक चालूच. तुझे हे यंत्र लोखंडाचे आहे. ते या दाराच्या आत कधीच न्यायचे नाही, कोणीही सांगितले तरी. त्याने मान डोलावली. त्याला हे आधी कोणी सांगितले होते का, हे विचारण्याची मला लाज वाटली.

ज्याच्या हातात लोखंड आहे तो सभागृहाबाहेर, आणि ज्याच्या हातात माउस आहे तो आत. पुष्कळ रुग्णालयांच्या प्रशिक्षणाची रचना अशी उलटी असते.

तिसरा मुद्दा : यादी की कारण?

प्रशिक्षणाच्या स्लाइडवर बहुधा वस्तूंची यादी असते : चाव्या, नाणी, घड्याळ, क्रेडिट कार्ड, मोबाइल, हेअरपिन. त्या सोबत यंत्राला चिकटलेल्या खुर्चीचे छायाचित्र असते आणि सगळे हसतात. यादीत दोन दोष आहेत. एक तर ती वजनाने उलटी आहे. क्रेडिट कार्ड आणि सिलिंडर एकाच रांगेत बसतात, जणू दोन्हींचे नुकसान एकच. दुसरे, यादीत नसलेली वस्तू सुरक्षित वाटू लागते. वाळूची म्हणून आणलेली पिशवी आत लोखंडी छर्ऱ्यांनी भरलेली असू शकते. अमेरिकेत एका पोलिसाचे पिस्तूल चुंबकाने खेचून घेतले आणि त्यातून गोळी सुटली; हा प्रसंग वैद्यकीय नियतकालिकात नोंदवला गेला आहे. आपल्याकडे वैद्यकीय ऑक्सिजनचा सिलिंडर काळा आणि खांद्याशी पांढरा असतो. रंग दिल्यावर ॲल्युमिनियमचा सिलिंडर आणि लोखंडाचा सिलिंडर घाईत पाहणाऱ्याला वेगळा ओळखू येत नाही. ‘ॲल्युमिनियमचा चालतो’ हे अर्धे ज्ञान येथे अज्ञानापेक्षा घातक ठरते.

यादी पाठ करण्याऐवजी तीन वाक्ये पोहोचली, तर ती अधिक उपयोगाची : चुंबक कधीच बंद नसतो. ओढ आधी जाणवत नाही. आत काय जाते हे फक्त एकच माणूस ठरवतो, आणि तो समोर नसेल तर काहीच आत जात नाही.

चौथा मुद्दा : ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार

प्रशिक्षणात नसलेली सर्वांत मोठी गोष्ट भौतिकशास्त्रातली नाही, हुद्द्यांतली आहे. रात्रीचे दोन वाजलेत. रुग्ण गंभीर आहे, वरिष्ठ डॉक्टर म्हणतात, ‘लवकर आत घ्या’. दारात तीन महिन्यांपूर्वी लागलेली कंत्राटी तंत्रज्ञ उभी आहे. सिलिंडर आत न्यायचा नाही हे तिला माहीत आहे. ती थांबवेल का? थांबवले तर उद्या तिची नोकरी राहील का? व्हॅलहालाच्या प्रसंगात घाई होती. ऑक्सिजनचा सिलिंडर जिथे लागतो तिथे घाई असणारच. चाचणीत दहापैकी दहा गुण मिळवलेला माणूसही अशा वेळी गप्प बसतो. आज्ञा मोडण्याची तालीम न देणारे प्रशिक्षण केवळ माहिती देते. ती तालीम वरिष्ठांनाही हवी : वॉर्डबॉयने ‘थांबा’ म्हटल्यावर थांबायचे, आणि नंतर त्याला बोल लावायचा नाही.

६. दोन आक्षेप

पहिला आक्षेप तुमच्यापैकी जे सुरक्षा अभियांत्रिकी शिकले आहेत ते घेतील. धोका टाळण्याच्या उपायांची एक उतरंड असते : धोका काढून टाकणे, पर्याय देणे, अभियांत्रिकी अडसर उभारणे, मग नियम आणि प्रशिक्षण, आणि शेवटी अंगावरची साधने. प्रशिक्षण खालून दुसरे. मग त्यावर एवढा भर का?

आक्षेप बरोबर आहे आणि मी तो मान्य करतो. एमआरआयच्या खोलीत ऑक्सिजन नळीने पुरवला, दाराबाहेरच रुग्णाला लोखंड नसलेल्या स्ट्रेचरवर घेतले, सिलिंडर ठेवण्याची जागा दारापासून दूर नेली, दाराला कुलूप आणि लोह-शोधक बसवला, तर अर्धी लढाई प्रशिक्षणाशिवाय जिंकली जाते. अपघातानंतर रुग्णालये ‘पुन्हा प्रशिक्षण देऊ’ असे का जाहीर करतात, याचा विचार करा. प्रशिक्षण सर्वांत स्वस्त आहे आणि चूक माणसावर ढकलण्याची सोय करते. परंतु अडसरही माणसेच चालवतात. सतत वाजणाऱ्या शोधकाचा आवाज कोणीतरी बंद करून ठेवते, कुलपाच्या दाराला कोणीतरी खुर्ची लावून ठेवते. अडसर कशासाठी आहे हे ज्याला कळते, तो तो काढत नाही. म्हणून दोन्ही लागतात. मात्र प्रशिक्षण अडसराच्या जागी नको.

दुसरा आक्षेप कायद्याचा. एक्स-रे आणि सीटी यंत्रांना अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते, किरणोत्सार सुरक्षा अधिकारी लागतो. एमआरआयमध्ये आयनकारी किरणे नसल्याने ते या मंडळाच्या कक्षेत येत नाही. वैद्यकीय उपकरण म्हणून त्याच्या उत्पादनावर, आयातीवर आणि विक्रीवर नियमन आहे. परंतु खोलीत कोणी शिरावे आणि त्याला काय शिकवलेले असावे, यासाठी त्या तोडीची परवाना-व्यवस्था एमआरआयला लागू नाही. रुग्णालयाने गुणवत्तेचे मानांकन घेतले तर तपासणी होते, पण मानांकन ऐच्छिक आहे. ‘किरणे नाहीत म्हणून निर्धोक’ हा समज जनतेत तर आहेच. आपल्या नियमांच्या रचनेतही त्याची सावली दिसते. कायदा यावा असे मलाही वाटते. तो येईपर्यंत थांबायचे का, हा प्रश्न उरतो.

७. चांगले प्रशिक्षण कसे असेल?

ते सभागृहात नव्हे, दाराशी होईल. तासाभराचे नव्हे, दहा मिनिटांचे असेल आणि प्रत्येक पाळीत होईल, रात्रपाळीतही. कंत्राटी कर्मचारी पहिल्या दिवशी कामाला लागण्याआधी ते घेईल. ते कर्मचाऱ्याच्या भाषेत असेल; बंगळुरूत कन्नड, तमिळ, हिंदी, बांगला, ओडिया, नेपाळी; मुंबईत मराठी आणि हिंदी. त्यात सिलिंडर दिला जाईल, एक जण घाई करणारा डॉक्टर होईल, आणि वॉर्डबॉयने त्याला मोठ्याने ‘थांबा’ म्हणायचे असेल. दोन्ही बटणे दाखवली जातील आणि कोणते कधी, हे प्रत्येकाकडून वदवून घेतले जाईल. अग्निशमन दलाचे जवान वर्षातून एकदा येऊन खोली पाहून जातील, कारण त्यांच्या पाठीवरही सिलिंडर असतो आणि हातात कुऱ्हाड. नातेवाइकासाठी दारावर मोठ्या अक्षरांत एकच वाक्य असेल : ‘हे चुंबक आहे. ते कधीच बंद नसते. हातातली वस्तू घेऊन आत येऊ नका, कोणीही सांगितले तरी.’

आणि परीक्षा? प्रशिक्षण झाल्यावर आठवड्याने बोळात भेटलेल्या मावशींना विचारा, रात्री वीज गेली तर चुंबक चालू की बंद? उत्तरासोबत कारणही आले, तर प्रशिक्षण झाले.

८. सारांश

अतिवाहक चुंबकाला रोजच्या अर्थाने ‘बंद’ ही अवस्था नाही. २०१४ आणि २०१८ च्या घटनांत धोका चुंबकाइतकाच त्याच्याविषयीच्या चुकीच्या समजुतीत आणि दारातल्या घाईत होता. जागतिक आराखडा उपयुक्त आहे, परंतु तो आपल्याकडचा नातेवाईक आणि कंत्राटी कामगार यांना नीट पाहत नाही. प्रशिक्षण अभियांत्रिकी अडसरांना पूरक असावे, त्यांची जागा घेणारे नव्हे. ते सिलिंडर वाहणाऱ्यापासून सुरू व्हावे, कारणासह द्यावे आणि त्यात नकार देण्याची तालीम असावी.

तुमच्यापैकी कोणी पुढे असे यंत्र बसवायला जाल. चुंबक उभा राहील, चाचणी होईल, हस्तांतराच्या कागदावर रुग्णालयाचे अधिकारी सही करतील. परत निघण्याआधी बोळात कोण पुसते आहे ते पाहा, त्याला दाराशी बोलवा आणि दहा मिनिटे द्या. कराराच्या कागदावर हे काम लिहिलेले नसेल. मी ते वर्गात शिकवायला उशीर केला. तुम्ही करू नका.

स्वाध्याय

१. वीजपुरवठा तोडणारे बटण आणि क्वेंचचे बटण यांतील फरक लिहा. (अ) माणूस सिलिंडरखाली अडकला आहे, (आ) रुग्णाचे हृदय थांबले आहे, (इ) नियंत्रण कक्षात विजेची आग लागली आहे : या तीन प्रसंगी काय कराल, कारणासह सांगा.

२. क्षेत्राचा उतार मीटरला १ टेस्ला असेल, तर संपृक्त लोखंडावरील ओढ त्याच्या वजनाच्या किती पट येईल? दाराशी ओढ का जाणवत नाही, ते या उत्तराच्या आधारे स्पष्ट करा.

३. तुमच्या गावातील रुग्णालयात रुग्णाचे नातेवाईक कोणकोणती कामे करतात याची यादी करा. त्यांपैकी कोणती कामे एमआरआयच्या दारापर्यंत नेतात?

४. ‘प्रशिक्षण हा सर्वांत स्वस्त उपाय असल्याने तो सर्वांत आधी निवडला जातो.’ या विधानाची उपायांच्या उतरंडीच्या संदर्भात चर्चा करा.

५. तुमच्या मातृभाषेत, शाळा सोडलेल्या सफाई कर्मचाऱ्यासाठी, चुंबक कधीच बंद का नसतो हे पाच वाक्यांत लिहा. ते एखाद्याला वाचून दाखवा. त्याने जो प्रश्न विचारला तो खाली लिहा, आणि त्या प्रश्नामुळे तुमच्या पाच वाक्यांतले कोणते बदलावे लागले तेही लिहा.